चिठ्ठ्यांच्या राशींतून निवड

१९०१ सालच्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस, रात्रीं, हिंदुस्थानांतील जो मनुष्य जेथें असेल तेथें त्याची मोजणी व्हावयाची होती. घरीं निजलेल्यांची गोष्ट सोपी होती. त्यांचीं नांवें मोजणीदारांनीं कित्येक दिवस आधींच उतरून ठेविलीं होतीं. मेलेल्यांचीं व परगांवीं गेलेल्यांचीं खोडावयाचीं आणि नव्यानें जन्मलेल्यांचीं व आलेल्यांचीं घालावयाचीं, एवढेंच काम त्या रात्रीं उरलें होतें. अडचण होती ती आगगाडींत बसलेल्या मनुष्याची. तो त्या घटकेस कोणत्याच गांवचा नव्हे.

बडनेरा हें असल्या माणसांचें ठिकाण. मुंबईहून वऱ्हाडांतून नागपुरास जाणारा लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला, आणि सहा मैलांवरील अमरावतीस पुढें बडनेऱ्याहूनच फांटा गेला. कापसाचे दलाल व अडते, कोर्टाचीं कामें घेऊन निघालेले कुणबी, अमरावतीचे वकील, यात्रेकरू, सारे येथें गाडी बदलीत. खानेसुमारीच्या व्यवस्थेंत रेल्वेसाठीं निराळे नियम असत. रात्रीं जो उतारू स्टेशनावर उतरेल त्याची नोंद तेथेंच करून तसा पास त्याच्या हातीं द्यावयाचा. जे गाडींतच राहतील त्यांच्यासाठीं सकाळीं गाडी उभी करून डबे तपासावयाचे. ज्याच्यापाशीं मोजणीचा पास असेल त्यास वगळावयाचें, नसेल त्यास मोजावयाचें. बाकावर बसलेल्या माणसांच्या ओळीवरून मोजणीदारानें जावें, प्रत्येकास एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईल त्याप्रमाणें त्यास घ्यावें किंवा सोडून द्यावें.

एक ओळ, एक अट, आणि ओळींतील प्रत्येकाबद्दल होय किंवा नाहीं असा निर्णय. आजचे संगणक जें काम दिवसांतून अगणित वेळां करितात त्याचें स्वरूप याहून वेगळें नाहीं. ओळीनें मांडलेल्या अशा संग्रहास संगणकाच्या परिभाषेंत ॲरे म्हणतात, आणि अट लावून त्यांतील हवे तेवढे घटक उचलणें हा तेथील अगदीं पहिला धडा असतो. ही युक्ति यंत्राबरोबर जन्मास आली असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः यंत्र दिसण्यापूर्वीं ती कागदाच्या चिठ्ठ्यांवर पुष्कळ राबली. आणि आपल्याकडे ज्या प्रश्नांसाठीं ती राबली ते प्रश्न केवळ हिशेबाचे नव्हते.

वऱ्हाडास मोजणीची संवय तशी लवकर लागली. १८५३ च्या तहानें निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या हवालीं केला आणि १८६७ च्या नोव्हेंबरांत येथें पहिली खानेसुमारी झाली. म्हणजे सबंध हिंदुस्थानची एकाच वेळीं मोजणी होण्याच्या चौदा वर्षें आधीं. आल्फ्रेड लायल यांनीं १८७० सालीं काढलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरांत तिचें फलित आहे. १८८१ च्या खानेसुमारीचा वऱ्हाडचा अहवाल युस्टेस किट्स यांनीं लिहिला, तर १९०१ चा अर्देसर दिनशाजी चिनॉय यांनीं. या शेवटच्या अहवालावर दुष्काळाची छाया आहे. १८९१ सालीं वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती; १९०१ सालीं ती २७,५४,०१६ भरली. दहा वर्षांत माणसें वाढावयाचीं तीं १,४३,४७५ नीं घटलीं. परंतु घटलीं तीं कोण? मुलें कीं म्हातारे, बायका कीं पुरुष, कीं नुसते देशोधडीस लागलेले? एकूण बेरजेस हें सांगतां येत नाहीं. त्यासाठीं राशींतून निवड करावी लागते.

जुन्या पद्धतींत ही निवड फार अवघड असे. १८८१ सालीं कारकुनापुढें गांवाचें मोजणीपत्रक आणि शेजारीं चौकटी आंखलेला मोठा तक्ता असे. पत्रकांतील एकेक ओळ वाचावयाची आणि तक्त्याच्या योग्य त्या चौकटींत एक रेघ ओढावयाची. अखेर रेघा मोजावयाच्या. विवाहित स्त्रिया किती हें विचारिलें असेल तर त्या चौकटींतील रेघा उत्तर देत. पण विवाहित स्त्रियांपैकीं लिहितां-वाचतां येणाऱ्या किती असें कोणास मागाहून सुचलें, आणि तशी चौकट आधीं आंखलेली नसली, तर रेघांच्या त्या जंगलांत उत्तर सांपडणें शक्य नव्हतें. रेघ ओढल्याबरोबर माणूस नाहींसा होई. ती कोणाची, त्याचें वय काय, धर्म काय, हें तिच्या अंगावर लिहिलेलें नसे. सारीं पत्रकें पुन्हां पहिल्यापासून वाचणें हा एकच मार्ग उरे, आणि लाखों माणसांच्या बाबतींत तो मार्गच नव्हे.

१९०१ सालीं हिंदुस्थानांत जी सुधारणा झाली ती दिसावयास क्षुल्लक होती. बव्हेरियांतील संख्याशास्त्रज्ञ गेओर्ग फॉन मायर यांनीं आपल्या देशाच्या १८७१ च्या खानेसुमारीसाठीं योजिलेली चिठ्ठ्यांची पद्धति येथें घेण्यांत आली. दर माणसास एक चिठ्ठी. पत्रकांतून ती उतरून काढावयाची. धर्म कागदाच्या रंगावरून समजावा, स्त्री कीं पुरुष आणि विवाहित, अविवाहित कीं विधवा हें छापील चिन्हावरून. बाकीचें, म्हणजे वय, जात, धंदा, जन्मस्थान, भाषा, हें हातानें लिहावयाचें. वऱ्हाडापुरत्याच या चिठ्ठ्या साडेसत्तावीस लक्षांवर गेल्या असल्या पाहिजेत. भिंतीशीं खणांचीं कपाटें मांडून कारकून पत्ते वांटावे त्याप्रमाणें चिठ्ठ्या खणांत टाकीत, मग प्रत्येक खणांतील गठ्ठा मोजून आंकडा टिपीत. एक तक्ता झाला कीं गठ्ठे एकत्र करावयाचे आणि दुसऱ्या अटीनें पुन्हां वांटावयाचे. माणूस चिठ्ठीबरोबर शाबूत राहत असल्यामुळें त्याच्याविषयीं दुसरा, तिसरा, चौथा प्रश्न विचारतां येऊं लागला. सारी क्रांति एवढीच आहे. संगणकाच्या स्मृतींत ओळीनें ठेवलेल्या नोंदी या त्या चिठ्ठ्यांच्या वंशांतल्याच होत.

या कामांत एक गमतीची गोष्ट अनुभवी कारकुनास आपोआप कळे. समजा, पांच वर्षांखालील विधवा किती हें काढावयाचें आहे. आधीं साऱ्या विधवा निवडाव्या आणि त्यांतून पांच वर्षांखालच्या काढाव्या, किंवा आधीं पांच वर्षांखालच्या साऱ्या मुली निवडून त्यांतून विधवा काढाव्या. हातीं येणारा गठ्ठा एकच. फळ बदलत नाहीं, श्रम मात्र बदलतात. जी अट फार थोड्यांस लागू पडते ती आधीं लावली तर दुसऱ्या खेपेस हाताळावयाचा गठ्ठा लहान होतो. आजचे माहितीसंग्रह चालविणारे संगणक प्रश्न हातीं आल्यावर प्रथम हाच विचार करितात.

त्या कारकुनांस ठाऊक नव्हतें कीं या साध्या व्यवहाराचें गणित एका इंग्रज शाळामास्तरानें अर्धशतकापूर्वींच मांडून ठेविलें होतें. जॉर्ज बूल यांचें पहिलें छोटें पुस्तक १८४७ सालीं निघालें. पुढें आयर्लंडांत कॉर्क येथें प्राध्यापक झाल्यावर १८५४ सालीं विचारांच्या नियमांवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बूल यांची मूळ कल्पना अशी कीं, एखाद्या अक्षरानें संख्या दाखविण्याऐवजीं निवडीची क्रिया दाखवावी. ‘क्ष’ म्हणजे समोरच्या साऱ्या राशींतून अमुक गुणाच्या वस्तु उचलणें. मग क्ष नंतर य केलें काय किंवा य नंतर क्ष केलें काय, फळ एक. क्ष ही क्रिया दोनदां केली तरी एकदां केल्यासारखीच. विधवांच्या गठ्ठ्यांतून पुन्हां विधवा निवडूं गेल्यास एकहि चिठ्ठी कमी होत नाहीं. आणि सारी रास १ मानिली तर एक वजा क्ष म्हणजे उरलेल्या साऱ्या, ज्यांस अट लागू नाहीं त्या. बीजगणितांत कोणतीहि संख्या स्वतःनेंच गुणली असतां तीच येते असें नाहीं. तसें होतें तें फक्त शून्याच्या व एकाच्या बाबतींत. नाहीं आणि होय यांचें शून्य आणि एक हें रूप येथून निघालें.

आतां त्या गठ्ठ्यांतून काय बाहेर आलें तें पाहूं लागलें म्हणजे गणिताची गंमत ओसरते. १९२६ सालीं महात्मा गांधींनीं ‘यंग इंडिया’ पत्रांत बालविधवांचे आंकडे दिले. ते १९२१ च्या खानेसुमारीचे असून लाहोरच्या सर गंगाराम यांनीं प्रसृत केले होते. पांच वर्षांपर्यंतच्या हिंदु विधवा ११,८९२, पांच ते दहा वर्षांच्या ८५,०३७, दहा ते पंधरा वर्षांच्या २,३२,१४७, एकूण ३,२९,०७६. यांतला प्रत्येक आंकडा चार अटींचा आहे: कागदाचा रंग, स्त्रीचें चिन्ह, वैधव्याचें चिन्ह आणि वय. चारहि अटी ज्या चिठ्ठीस लागू पडल्या ती त्या गठ्ठ्यांत पडली. विधवाविवाहास कायद्यानें १८५६ सालींच मोकळीक मिळाली होती. महाराष्ट्रांत धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं स्वतः विधवेशीं विवाह केला व १८९६ सालीं अनाथबालिकाश्रम काढला. त्या पिढीच्या सुधारकांनीं आपल्या घरांत व आळींत जें पाहिलें होतें तें त्यांना पुरेसें होतें. परंतु जो मनुष्य म्हणे कीं असा एखादुसराच प्रकार घडतो, त्यास घरचा दाखला पुरत नसे. पांच वर्षांच्या आंतल्या अकरा हजार आठशें ब्याण्णव विधवा, हें त्यास ऐकून घ्यावें लागे.

येथें वऱ्हाडचा संबंध पुन्हां येतो. विवाहाच्या व संमतीच्या वयाचा विचार करण्यासाठीं सरकारनें १९२८ सालीं जी समिति नेमिली तिचे अध्यक्ष अमरावतीचे सुप्रसिद्ध वकील सर मोरोपंत जोशी होते. ज्या गृहस्थांनीं आपल्या मुंबई-नागपूरच्या खेपांत बडनेऱ्यास गाडी बदलली त्यांच्या समितीपुढें साऱ्या देशाच्या मुली आंकड्यांच्या रूपानें उभ्या राहिल्या. समितीनें १९२९ सालीं अहवाल दिला. मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा असावें आणि वैवाहिक संबंधापुरतें संमतीचें वय पंधरा असावें असें तिचें मत पडलें. त्याच वर्षीं हरबिलास सारडा यांचा कायदा मंजूर होऊन विवाहाची मर्यादा मुलीस चौदा व मुलास अठरा ठरली.

आतां खानेसुमारीचे छापील तक्ते उघडावे. त्यांत वयाचे खण पांच ते दहा, दहा ते पंधरा, पंधरा ते वीस असे आहेत. कायद्याची रेषा चौदावर आणि खणाची भिंत पंधरावर. दहा वर्षांची नवरी आणि साडेचौदा वर्षांची नवरी एकाच गठ्ठ्यांत. पहिलीच्या लग्नानें कायदा मोडतो, दुसरीच्या लग्नानें मोडतोच असें नाहीं. चौदाखालच्या विवाहिता किती, हा कायद्याचा नेमका प्रश्न, त्याचें उत्तर या तक्त्यांतून सरळ निघत नसे. ‘पंधरापेक्षां कमी’ आणि ‘चौदापेक्षां कमी’ यांत लिहितांना एका अंकाचा फरक आहे. संगणकास सूचना लिहिणारे नवशिके आजहि सर्वांत अधिक चुका अशाच कडेवर करितात.

१९३१ सालीं ही कड अधिकच निसरडी झाली. सारडा कायदा मंजूर झाला १९२९ च्या सप्टेंबरांत आणि अंमलांत आला १ एप्रिल १९३० रोजीं. मधल्या सहा महिन्यांत ठिकठिकाणीं लग्नांची झुंबड उडाली. कायद्याच्या आधीं उरकून घ्यावें म्हणून पाळण्यांतलीं मुलें बोहल्यावर चढविण्यांत आलीं. पुढच्या फेब्रुवारींत खानेसुमारी झाली तेव्हां पंधरा वर्षांखालील विवाहित मुलींची संख्या दहा वर्षांपूर्वींच्या सुमारें ८५ लक्षांवरून १ कोटी २० लक्षांच्या वर गेल्याचें दिसलें. कायद्यानें बालविवाह वाढले असा डंका तेव्हां कित्येकांनीं पिटला. पण या वेळीं अटच बदलली होती, इकडे थोड्यांचेंच लक्ष गेलें. पूर्वीं पुरीं झालेलीं वर्षें लिहीत. १९३१ सालीं जवळच्या वाढदिवसाचें वय लिहावयाचें ठरलें. शिवाय आमचे लोक वय सांगतांना दहा, बारा, पंधरा, वीस असे ठोकळ आंकडे सांगतात, त्याचा दोष घालविण्यासाठीं चिठ्ठ्या चार ते सहा, सात ते तेरा, चौदा ते सोळा अशा तीन व सात वर्षांच्या आळीपाळीच्या खणांत टाकून, मग प्रत्येक खणाचे दोन समभाग करून मागच्या-पुढच्या पांच वर्षांच्या गटांत घातले. एकंदर लोकसंख्येस ही तोड बरी आहे. विवाहित मुलींस ती मुळींच बरी नाहीं. सात ते तेरा या खणांतल्या विवाहितांत सात वर्षांच्या थोड्या आणि तेरा वर्षांच्या पुष्कळ असावयाच्या. त्यांचे सारखे दोन भाग केले कीं बारा-तेरा वर्षांच्या कित्येक मुली कागदावर दहाच्या आंत जाऊन बसतात. झुंबड खरीच होती, यांत शंका नाहीं. पण त्या वाढींतला कोणता हिस्सा लग्नमंडपांतला आणि कोणता खणाच्या भिंतीचा, हें वेगळें करणें सोपें नव्हतें.

दरम्यान अमेरिकेंत ही चिठ्ठी यंत्राच्या हातीं गेली होती, आणि तेथेंहि मूळ धागा आगगाडीच्या तिकिटाचाच. हर्मन हॉलरिथ हा तरुण इंजिनियर १८८० च्या अमेरिकन खानेसुमारीच्या कचेरींत कामास होता. पुढें प्रवासांत त्यानें पाहिलें कीं गार्ड उतारूच्या तिकिटाच्या कडेस भोंकें पाडून त्याचें वर्णन टिपून ठेवितो. केंस काळे कीं फिके, नाक मोठें कीं लहान. उद्देश एवढाच कीं तिकीट दुसऱ्यानें वापरूं नये. हॉलरिथच्या पत्र्यांवर चिन्हाच्या जागीं भोंक आलें. पत्रा यंत्रांत ठेवून दाबला कीं जेथें भोंक असेल तेथून सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्यांत टेंके आणि विजेचा प्रवाह सुरू होऊन कांटा एक घर पुढें सरके. ‘स्त्री’ आणि ‘विधवा’ हीं दोन्हीं भोंकें असतील तेव्हांच कांटा हलावा, अशीहि तारांची जोडणी करतां येई. बूलचा गुणाकार येथें तांब्याच्या तारेंत उतरला. १८९० ची अमेरिकन खानेसुमारी या यंत्रांवर मोजली गेली, आणि हॉलरिथनें १८९६ सालीं काढलेली कंपनी पुढें इतरांशीं एकत्र होऊन १९२४ पासून आयबीएम या नांवानें ओळखली जाऊं लागली.

याच आयबीएममध्यें काम करणाऱ्या केनेथ आयव्हर्सन यांनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत निवडीस एक स्वतंत्र चिन्ह दिलें. संख्यांची एक ओळ घ्यावी. तिच्या शेजारीं शून्य-एकांची तितकीच लांब दुसरी ओळ ठेवावी. जेथें एक असेल तेवढे घटक राहावे, शून्याखालचे गळावे. वयांच्या ओळीस ‘पंधरापेक्षां कमी काय?’ असें विचारिलें कीं ही शून्य-एकांची ओळ आपोआप तयार होते. गाळणीसारखी ती दुसऱ्या कोणत्याहि ओळीवर, जशी नांवांच्या किंवा गांवांच्या, ठेवतां येते. १९७४ सालीं चेंबरलिन व बॉइस यांनीं त्याच कंपनींत माहितीसंग्रहास प्रश्न विचारण्याची भाषा रचिली. तिच्यांत ‘सिलेक्ट’ म्हणजे काय निवडावें आणि ‘व्हेअर’ म्हणजे कोणत्या अटीवर. बँका, रेल्वेचें आरक्षण, इस्पितळें, सारीकडे आज तीच चालते. तिच्यांतील एक बारकावा मात्र वऱ्हाडच्या कारकुनाससुद्धां ओळखीचा वाटला असता. एखाद्या नोंदींत वयच लिहिलेलें नसेल तर ती ‘पंधराखालील’ या निवडींत येत नाहीं, आणि ‘पंधरा व त्यावरील’ या निवडींतहि येत नाहीं. दोन्हीं गठ्ठे मोजून बेरीज केली तर रास पुरी भरत नाहीं, आणि यंत्र त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीं. कागदी चिठ्ठीच्या काळीं वय नसलेली चिठ्ठी निदान कारकुनाच्या हातांत तरी उरे, आणि ती कोठें टाकूं म्हणून त्यास वरिष्ठाकडे जावें लागे.

हातानें निवडण्याच्या पद्धतीची कसोटी लागली ती १९४१ सालीं. त्या वर्षीं खानेसुमारीचे कमिशनर यीट्स यांनीं मधलें पत्रकच काढून टाकिलें. मोजणीदारानें घरोघर जाऊन माहिती थेट चिठ्ठीवर लिहावी अशी योजना केली. उतरून घेण्याचा खर्च व चुका दोन्हीं वांचल्या. परंतु युद्ध चालू होतें, पैसा व माणसें मिळेनात, आणि चिठ्ठ्या भरून झाल्यावर वर्गवारीचें पुष्कळसें काम सोडून द्यावें लागलें. यीट्स यांनीं एक तजवीज मात्र केली होती. दर पन्नासावी चिठ्ठी बाजूस काढावी. तिला अट कसलीच नाहीं, ना वयाची, ना धर्माची, ना वैधव्याची. फक्त राशींतली तिची जागा. १९४१ सालचे वयाचे तक्ते पुढें कित्येक वर्षांनीं काढण्यांत आले ते या शेंकडा दोन चिठ्ठ्यांवरून. उरलेल्या एकोणपन्नासांवरहि वय लिहिलेलें होतें.